धुराची बाई

जळगावात जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा, हंगाम सुरू झाला की हवेलाच बारीक लव फुटे. कापसाचे तंतू उन्हात तरंगत येत. वेण्यांवर, दुधाच्या पातेल्यांवर, शाळेतल्या मुलींच्या पाट्यांवर अलगद उतरत. आणि दुपारच्या वेळी सगळ्या गावावर अर्ध्या झोपेतल्यासारखी एक पांढुरकी चमक पसरे. त्या चमकेतून निळ्या काठांचे पांढरे पातळ नेसलेली, मिटलेली छत्री काठीसारखी टेकणारी एक उंच बाई चालत येई, कुणाच्याही दारापाशी थांबे, डोळे मिटे आणि वास घेई. घरातली माणसे हातातले काम तसेच धरून तिच्याकडे पाहत राहत. पुष्कळ वेळाने डोळे उघडून ती म्हणे,

"आज बाभूळ जळली तुमच्याकडे. कुणाचं लग्न ठरलं?"

आणि बहुधा ठरलेले असे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडे, म्हणजे पऱ्हाटी, रोजच्या चुलीला पुरत. गोवऱ्या घरी थापल्या जात. बाभळीचे लाकूड विकत आणले जाई ते पाहुणे यायचे असले तरच. घरातला आनंद, आजार, पाहुणे आणि उपास हे सारे त्या नाकाने वाचीत. तोंडावर त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. पाठीमागे त्यांचे नाव होते 'धुराची बाई'. त्यांना ते ठाऊक होते, आणि मला वाटते, आवडतही होते.

बाई म्युनिसिपालिटीच्या नर्स होत्या. देवी टोचणे, बाळंतिणींना भेटी देणे, विहिरींत औषध पडले की नाही ते पाहणे ही त्यांची नेमून दिलेली कामे. ती त्या चोख करीत. पण मन गुंतले होते दुसऱ्याच गोष्टीत. माणसे ज्या हवेत जन्मभर राहतात, ती हवा त्यांच्या आत जाऊन काय करते, हे त्यांना शोधून काढायचे होते. 'संशोधन' हा शब्द मात्र कुणी उच्चारला की त्या अवघडून जात. "डॉक्टर आजाऱ्याची विचारपूस करतात, मी त्याच्या घराची करते. त्यात कसलं आलंय संशोधन?" असे म्हणून छत्री उचलून निघून जात.

ही विचारपूस करण्याची त्यांची रीत विलक्षण होती. सैपाक चालू असताना त्या चुलीशेजारी जमिनीवर बसत, आणि मग, यजमानिणीची परवानगी न मागता, सरळ उताण्या आडव्या होत; घरातले तान्हे मूल जिथे निजवले जाई नेमक्या त्या जागी. तिथून छताकडे पाहत राहत. एकदा मी सोबत होते. त्यांनी मलाही आडवे व्हायला लावले. छताशी साचलेला धूर हळूहळू खाली उतरत होता. निळसर, मऊ, जणू कुणी आकाशाची चादर आमच्यावर पांघरू पाहत होते. मला तो सुंदर वाटला. मी तसे म्हणालेही.

"सुंदर आहेच," बाई म्हणाल्या. "रांजणात पाणी भरतं, तसा हा खोलीत उलटा भरत येतो, वरून खाली. घरातली बाई बसून सैपाक करते, तिच्या नाकापर्यंत आला की तिला खोकला येतो. मूल निजलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोचायला याला थोडाच वेळ लागतो."

चुलीपाशी बसलेली यजमानीण पदराआड हसत शेजारणीला सांगत होती, "दख वं, दोन्ही झोपी गयात!"

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला जळगावला आले होते. ज्या घरात मला खोली मिळाली, त्याच्या दुसऱ्या खोलीत बाई आधीपासून राहत होत्या. पहिल्याच संध्याकाळी मी देवापुढे उदबत्ती लावली, तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, ही कुणासाठी?"

"देवासाठी."

"देव खोकतो का?"

"नाही."

"मी खोकते. विझवा."

मी उदबत्ती विझवली, आणि रात्रभर त्यांच्यावर मनातून रागावून राहिले. सकाळी दार उघडले तर उंबऱ्यावर पळसाच्या पानाचा द्रोण, आणि द्रोणात दवाने भिजलेला मोगरा. त्यानंतर आमच्यात या विषयावर कधी बोलणे झाले नाही. माझ्या देवाला मात्र रोज फुले मिळू लागली.

हिवाळ्यातही त्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, निजत, कानांना घोंगडीची पट्टी गुंडाळून. घरमालक आबा अधूनमधून कळवळून म्हणत, "बाई, खाली निजा, गारठाल." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "आबा, गारठलेलं माणूस शेकता येतं, कोंडलेलं नाही."

धुराशी असे वैर मांडलेली ही बाई भरितावर मात्र जीव टाकी. थंडीत माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी आम्हांला असोद्याच्या मळ्यात बोलावले. केळीच्या बागेतून पाण्याचा ओला, हिरवा वास येत होता. बांधावर पऱ्हाटीचा जाळ पेटवून त्यात हिरवी लांबोडकी वांगी टाकली होती. त्यांची साल तडतडत होती, आणि बाई जाळाच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांचे पातळ मागे ओढून घ्यावे लागले. धूर थेट त्यांच्या तोंडावर येत होता. मला राहवले नाही.

"बाई, हा धूर चालतो वाटतं?"

"हा वर जातो, मास्तरीणबाई. आभाळाला खोकला होत नाही." मग त्यांनी ठेचलेल्या वांग्यात मिरची किती घातली याची यजमानांकडे चौकशी केली, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली. त्या दिवशी त्यांनी किती खाल्ले हे सांगणे त्यांच्या आठवणीला शोभणार नाही.

फार पुढे त्या धुळ्याला गेल्या. सुटीत मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्या पांझरेच्या काठाने काचेच्या बाटल्यांची पिशवी घेऊन हिंडत होत्या. रंगारी जिथे कापड धुवत तिथले पाणी, त्याच्या खालच्या वळणावरचे पाणी, आणि बायका जिथे हंडे भरत तिथले पाणी, अशा बाटल्या भरणे चालू होते. उन्हात एकेक बाटली धरून त्या तिच्यातला रंग पाहत. निळा, मग निळ्याची आठवण, मग नुसता भास. एक म्हातारा बराच वेळ हे पाहत होता. शेवटी त्याने हात जोडून विचारले,

"बाई, गंगाजळ शे का?"

"नाही बाबा. तुमच्याच नदीचं पाणी आहे."

"मंग बाटलीमा कसाले भरं? नदी काय पळी जाई ऱ्हायनी का?"

बाई इतक्या हसल्या की एक बाटली हातून निसटली. ती उचलून, नदीत परत रिकामी करून त्यांनी पुन्हा भरली. जळगाव सुटले तरी विचारपूस सुटली नव्हती.

पण त्यांचे नाव घेतले की मला दिसते ती जळगावच्या जिनमागची ओळ, आणि अंधारात टांगलेल्या पांढऱ्या पट्ट्या.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. रॉकेल मिळत नसे, कापडावर कंट्रोल होता, ते मोजूनमापूनच मिळे. जिनच्या आवाराच्या मागे, कापूस फोडायला येणाऱ्या कुटुंबांची एक ओळ होती. पत्र्याच्या आणि कुडाच्या खोल्या, प्रत्येकीला एक दार, आणि दुसरे काही नाही. त्या ओळीची कारभारीण होती अक्का. मूळची धरणगावकडची, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. तिच्या सुनेची दोन बाळे त्या खोलीत गेली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलेले, आत शेक आणि शेगडी, शिवाय घराची चूल. दोन्ही बाळे खोकत खोकतच मिटली. दुसरे गेल्यावर अक्काने सुनेला असोद्याला माहेरी पाठवून दिले आणि साऱ्या ओळीला सांगितले, "धूर जावाले वाट व्हई, तव्हयच मन्ही सून आठे येई." मुलगा सुटीच्या दिवशी असोद्याला पायी जाई, आणि बायका त्याची थट्टा करीत. अक्का मात्र त्यावर कधी हसली नाही.

त्याच सुमाराला म्युनिसिपालिटीने या कुटुंबांसाठी पक्क्या खोल्या बांधायचे ठरवले. नकाशा तयार झाला. बाईंनी तो बांधकाम पाहणाऱ्या ओव्हरसियरच्या टेबलावर उलटसुलट करून पाहिला. पाठीला पाठ लावलेल्या खोल्या, पुन्हा एकेकच दार, चुलीच्या भिंतीला कुठेही उघडीक नाही.

"धूर कुठून जायचा?" बाईंनी विचारले.

"दारातून."

"आणि दार लावल्यावर?"

"अहो, तोवर सैपाक आटपलेला असतो." ओव्हरसियर सज्जन गृहस्थ होते, त्यांच्या घरी सैपाकघर अंगणापलीकडे होते. "बाई, भोकं पाडली की भिंत कमजोर होते."

"माणसांचं काय होतं?"

"ते सिद्ध करा. कमिटीपुढे ठेवा. मग बघू."

त्या दिवशी शाळेतून येऊन मी वह्या तपासत होते. भिंतीपलीकडून कापड फाटल्याचा आवाज आला. लांब, कोरडा, पुन्हा पुन्हा. मी धावत गेले. बाई आपले दुसरे पातळ फाडत होत्या. पांढरे, धुऊन धुऊन मऊ झालेले.

"अहो बाई, हे काय?"

"एक आहे ना नेसायला."

काठ वेगळे काढून त्यांनी मधल्या कापडाच्या पट्ट्या केल्या, सारख्या लांबीच्या, सारख्या रुंदीच्या. आणि ओळीतल्या घराघरांत, बाळ निजते तेवढ्या उंचीवर, सुतळीने टांगल्या. ताडून पाहण्यासाठी काही पट्ट्या आमच्या आळीत, अंगणात सैपाक करणाऱ्या घरांतही टांगल्या. सगळीकडे एकच सांगणे: "हिला हात लावायचा नाही. मी मागेन तेव्हा द्यायची." कशासाठी, ते सांगितले नाही.

मी विचारले, "त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर कुणी दार उघडं ठेवील, कुणी मुद्दाम दुप्पट जाळील. पाहुणा आला की घर जसं वागतं, तसं मला ते वागायला नकोय. एकटं असताना वागतं तसं हवंय."

त्या थंडीत मी त्यांच्याबरोबर अनेकदा ओळीत गेले. दारातून वाकून आत पाहिले की आधी काहीच दिसत नसे; मग अंधार डोळ्यांना सरावला की चुलीचा निखारा, आणि त्याच्या बाजूला लोंबणारी ती पट्टी. कसल्याशा मूक पाखरासारखी ती तिथे असे. पहिल्यांदा सायीच्या रंगाची झाली, मग ताकातल्या जिऱ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची, मग भिजल्या राखेसारखी. जसजशी ती काळवंडे, तसतसा बाईंचा चेहरा उजळे. हात न लावता त्या नुसत्या पाहत, आणि बाहेर येऊन माझा दंड घट्ट धरत. "बोलायला लागल्यात," म्हणत.

संक्रांत झाली. कमिटीची बैठक जवळ आली. बाईंनी ओळीत निरोप ठेवला की उद्या पट्ट्या घ्यायला येते.

उद्या त्यांना जावे लागले नाही. सकाळीच अक्का आणि तिच्यामागे ओळीतल्या बायका आमच्या ओसरीवर आल्या. अक्काच्या हातात सूप होते, सुपावर स्वच्छ फडके. तिने ते फडके बाजूला केले.

सुपात पट्ट्या होत्या. शुभ्र. नीळ दिलेल्या, घडी घातलेल्या, रिठ्याच्या वासाच्या. प्रत्येकीच्या टोकाला एक लहानशी गाठ.

"घ्या बाई," अक्का म्हणाली. "तुमनं लुगडं शे, ते आम्हीन वळखं. आसं काळंमिचकूट कसं वापस देवानं?"

बाईंनी एक पट्टी उचलली. "धुतल्यात?"

"बठ्ठ्या! रिठामा भिजाड्यात, नीळ दिधी. दखा, बगळाना पंखसारख्या व्हयन्यात!"

"आन् रिकामी कशी देवानी?" मागून एक जण म्हणाली. "म्हनीसन गाठ बांधी."

गाठींत तीळ होते, तुरीची डाळ होती, गुळाचा खडा होता, जवळच्या मेहरूणची बोरे होती. मागून आणलेले भांडे रिकामे परत द्यायचे नाही, आणि मागून आणलेले कापड मळके परत द्यायचे नाही, ही त्यांची रीत. आणि तेही कंट्रोलच्या दिवसांत, एका बाईने आपले नेसायचे पातळ फाडून दिलेले. सारी थंडी जे त्या पट्ट्यांनी गोळा केले होते, ते एका दुपारी ओढ्याच्या पाण्यात वाहून गेले होते, आणि ते पुसताना त्या बायकांचे हात किती मायेने चालले असतील, हे त्या निळीकडे पाहून कळत होते.

"छान धुतल्यात," बाई म्हणाल्या. "फार छान."

बायका समाधानाने गेल्या. बाई पट्ट्या मांडून त्यांच्यामध्ये बसल्या. मला वाटले त्या रडतील. त्यांनी एक गाठ सोडली आणि बोर तोंडात टाकले.

"गोड आहे. घ्या, मास्तरीणबाई."

"बाई, आता कमिटीपुढे काय ठेवणार?"

"आधी त्यांच्यापुढे ठेवायला हवं," असे म्हणून त्या उठल्या.

ओळीत गेलो. जिनला त्या दिवशी सुटी होती. बाईंनी सगळ्यांना बोलावले आणि सांगून टाकले. पट्ट्या कशासाठी होत्या, त्या काळ्या का हव्या होत्या, कमिटी, नकाशा, सारे. मग अक्काने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

"मंग आधीच सांगानं ना, माय! आम्हीन चुल्हामा गाडीभर पऱ्हाटी घालतूत!"

"म्हणूनच नाही सांगितलं!" बाई ओरडल्या, आणि साऱ्या ओळीत हशा पिकला. बाईही हसल्या. हसता हसता अक्काचा चेहरा मात्र एकाएकी विझला. ती हळूच म्हणाली,

"मंग आते मन्ही सून?"

बाईंनी छत्री उचलली.

बैठकीला बाई त्याच शुभ्र पट्ट्या घेऊन गेल्या. अक्का आणि दोघीचौघी बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या, मी त्यांच्यात. दार उघडे होते, आतले सारे ऐकू येत होते. बाईंनी पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि झाले ते काहीही न लपवता सांगितले.

"म्हणजे," ओव्हरसियर म्हणाले, "ओळीत धूर होत नाही, हे तर सिद्ध झालं."

सभासद हसले. तेवढ्यात अक्का पदर सावरून दारात गेली.

"सायेब, धूर नही शे तर मन्हा घर चहा पेवाले या. आज, आते."

हसू थांबले. एका बाईने घरी चहाला बोलावले आहे, आणि तेही सगळ्यांसमोर. नाही म्हणणार कोण? अध्यक्ष वयस्क होते, जुन्या वळणाचे होते. त्यांनी टोपी उचलली. "चला," म्हणाले.

अक्काच्या खोलीत ते पाटावर बसले, सभासद गोणपाटावर. पऱ्हाटी दवाने दमट होती. चहाला वेळ लागला. छतापासून धूर उतरू लागला, अगदी संथ, घाई नसल्यासारखा. एकेक सभासद काहीबाही आठवून बाहेर पडला. ओव्हरसियर दारात उभे राहून खोकत होते. अध्यक्ष बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अक्काने चहाची पितळी पुढे केली. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, बाहेर आले, आणि कितीतरी वेळ उपरण्याने डोळे पुसत राहिले.

"माझ्या आईचे डोळे कायम लाल असत," ते बाईंना म्हणाले. "मला वाटे, ती आमच्या नकळत रडते. मी तिला कधी विचारलं नाही."

अध्यक्षांनी ओव्हरसियरकडे वळून म्हटले, "चुलीच्या वर, छताजवळ. प्रत्येक खोलीला."

खोल्या उभ्या राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. भिंतींना मातीचा गिलावा, आणि प्रत्येक चुलीच्या वर एक झरोका, हात सहज बाहेर जाईल एवढा. अक्काने आपल्या खोलीत चूल पेटवून धूर त्यातून बाहेर जाताना पाहिला आणि त्याच दिवशी मुलाला असोद्याला धाडले. सून आली. तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि आता भरत आले होते. ती फार कमी बोले. खोलीत शिरताना तिने आधी वर पाहिले.

बाळंतपण तोंडावर आले असताना बाई तपासायला गेल्या; मे महिन्याची सुटी होती, म्हणून मीही. खोलीत धूर कोंडलेला होता. बाईंनी वर पाहिले. झरोक्यात काड्या, दोरे, जिनचा कापूस खच्चून भरला होता, आणि मधून एक चिमणी मान काढून आमच्याकडे पाहत होती.

"अक्का, हे काढा."

"काय काढू?"

"घरटं. धूर अडलाय."

"अंडां शेतस त्यामा."

"म्हणून काय झालं?"

"म्हनीसनच ते! दोन जिवनी बाई घरमा शे, आन् मी दुसरीनं घर मोडू? बाई, तुम्हले समजत कसं नही?"

बाईंना संतापलेले मी तेवढेच एकदा पाहिले. त्यांचा आवाज चिरकला. "या भोकासाठी मी दारोदार फिरले, अक्का! दोन लेकरं गेली या घरची. तिसरंही असंच…" सून भिंतीला टेकून बसली होती. तिने पोटावर दोन्ही हात ठेवले होते.

अक्का वळली. ती बाहेर गेली. गिलाव्यासाठी आणलेल्या मातीचा ढीग अजून तसाच होता. तिने त्यात पाणी ओतले, ती पायाने तुडवली, आणि समोरच्या कडुनिंबाखाली बसून चुलीचे कडे थापू लागली.

"चिमणी उडी जाई, तोपावत चुल्हा आठेच," मान वर न करता ती म्हणाली.

"बाहेर? रस्त्यावर?" बाई गोंधळल्या. "लोक बघतील अक्का. धूळ उडेल."

"बघोत. चिमणीना तळतळाट लागस, लोकसना नही."

बाई निंबाखाली उभ्या राहिल्या. त्यांच्या साऱ्या विचारपुशीत, साऱ्या पट्ट्यांत आणि नकाशांत, एका चिमणीसाठी चूलच बाहेर येईल, हे कुठेच आले नव्हते.

एकटीने सैपाक करणे अक्काच्या नशिबी फार दिवस नव्हते. शेजारीण गप्पांसाठी म्हणून आपला तवा घेऊन आली, मग तिने आपली चूल घातली, मग पलीकडचीने. सकाळी वारा पडलेला असे तेव्हा निंबाखालून धुराच्या सरळ, निळ्या रेघा वर जात, आणि खूप उंचावर, घारींच्या पातळीला, एकमेकींत विरघळत. पाऊस लागल्यावर त्या चुली पुन्हा आत गेल्या, हे मला ठाऊक आहे. तोवर पिले उडून झरोका मोकळा झाला होता, हेही. पण त्या उन्हाळ्यात ओळीतल्या खोल्या दिवसभर नुसत्या मातीच्या आणि गारव्याच्या होत्या.

अशाच एका सकाळी सुनेला कळा लागल्या. बाई आत गेल्या. दार लावून घेतले. आम्ही निंबाखाली होतो. जात्याचा आवाज थांबला, भाकऱ्या थापणारे हात थांबले. तव्यावरची एक भाकरी करपत होती आणि कुणी ती उलटत नव्हते. अक्का दाराकडे पाठ करून बसली होती.

मग आतून रडणे आले. उंच, स्वच्छ, एकसारखे, मध्ये कुठेही न अडखळणारे.

बऱ्याच वेळाने बाई हात पुसत बाहेर आल्या. घामाने पातळ पाठीला चिकटले होते.

"मुलगी," त्या म्हणाल्या.

अक्काने मान वळवली नाही. "खोकस का?"

"नाही अक्का. नुसतीच रडते."

अक्का उठली, दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून थांबली. बाईंनी तिला हलकेच पुढे ढकलले. "जा ना आत. बघा तरी नातीला."

"जराशी थांबा, माय," अक्का म्हणाली. "रडू द्या तिले. ऐकू द्या माले."